आरसी (रेडिओने नियंत्रित) जेट मॉडेलमध्ये शिफारशीपेक्षा मोठे इंजिन बसवण्याचे धोके

वातकुक्कुट (धागाकर्ता)

‘माझ्या जेटला यापेक्षा मोठे कोणते इंजिन बसेल?’ असे प्रश्न या विभागात वारंवार येतात, आणि मिळणारी उत्तरे बहुधा ते कसे बसवावे एवढ्यापुरतीच असतात. ते बसवावे का, यावर फारसे कोणी बोलत नाही. त्यासाठी हा स्वतंत्र धागा काढत आहे.

सुरुवात ईडीएफपासून, म्हणजे डक्टमध्ये (नळीत) विजेच्या मोटरवर फिरणाऱ्या पंख्यापासून करतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांचे पहिले जेट ७० मिलिमीटर पंख्याचे, फोमचे आणि चार सेलच्या बॅटरीवर चालणारे असते. काही दिवसांनी ते संथ वाटू लागते आणि कोणीतरी सल्ला देतो की तीच मोटर सहा सेलवर चालवून पाहा. व्होल्टेज १४.८ वरून २२.२ होते, म्हणजे दीडपट. मोटरची आवर्तने त्याच प्रमाणात वाढली असे धरले, तर थ्रस्ट (विमानाला पुढे ढकलणारा जोर) सव्वादोनपट होतो, मोटर ओढत असलेला करंट सव्वादोनपट होतो आणि लागणारी शक्ती जवळजवळ साडेतीनपट होते. प्रत्यक्षात बॅटरीचे व्होल्टेज दबते आणि मोटर तापून कार्यक्षमता घटते, त्यामुळे आकडे थोडे खाली येतात, पण दिशा बदलत नाही. ६० अँपिअरसाठी निवडलेला ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे उपकरण) १०० अँपिअरच्या पुढे गेला की तो हवेत जळतो. त्याच ईएससीतल्या बीईसीवर (रेडिओला वीज पुरवणाऱ्या भागावर) रिसीव्हर आणि सर्व्हो (नियंत्रणपृष्ठे हलवणाऱ्या छोट्या मोटरी) चालत असतील, तर इंजिनासोबत नियंत्रणही जाते. शिवाय पंख्याच्या पात्यांवरचा केंद्रोत्सारी ताण आवर्तनांच्या वर्गाने वाढतो, म्हणून पातेही सव्वादोनपट ओढले जाते. प्लास्टिकचा रोटर फुटला तर त्याचे तुकडे डक्टची भिंत कापून बाहेर येतात. म्हणूनच जमिनीवर चाचणी घेताना कोणीही रोटरच्या पातळीत उभे राहू नये.

हे झाले इंजिनापुरते. माझा मुख्य मुद्दा सांगाड्याचा आहे. पंख, शेपूट, बिजागऱ्या, सर्व्हो आणि पुशरॉड (सर्व्होला पृष्ठाशी जोडणाऱ्या कांड्या) यांवरचा हवेचा भार वेगाच्या वर्गाने वाढतो. इंजिन बदलणारा माणूस यांपैकी एकही वस्तू सहसा बदलत नाही. टर्बाइन, म्हणजे केरोसीनवर चालणारे छोटे जेट इंजिन उडवणाऱ्यांनी त्यांच्या बाजूचे चित्र मांडावे, अशी विनंती.

केरोसीनवाला

विषय महत्त्वाचा आहे, पण मांडणी एकतर्फी वाटली. जादा थ्रस्ट ही अनेकदा सुरक्षिततेची तरतूद असते. लँडिंग चुकले आणि पुन्हा वर जायचे ठरवले, तर कमी ताकदीचे टर्बाइन त्या क्षणी कामाला येत नाही. टर्बाइनला आयडलवरून (किमान आवर्तनांवरून) पूर्ण थ्रस्टपर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात, आणि त्या काळात फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) खाली, चाके बाहेर अशा अवस्थेत जेट खाली येतच असते. हाताशी थ्रस्ट शिल्लक असेल, तर अर्ध्या थ्रॉटलवरही ते सावरता येते.

दुसरी गोष्ट इथल्या हवेची आहे. कंपन्या आपले आकडे समुद्रसपाटी आणि १५ अंश तापमान धरून छापतात. आपण एप्रिलमध्ये पुण्याच्या बाजूला उडवतो. कागदावर १०० न्यूटनचे इंजिन इथे १०० न्यूटन देत नाही, हे धावपट्टीचा शेवट जवळ येऊ लागला की चांगलेच कळते. मी शिफारशीपेक्षा एक पायरी वरचे इंजिन घेतो, ते याच कारणासाठी. मोठे इंजिन आहे म्हणून पूर्ण थ्रॉटल द्यायलाच हवा, असे कोणी सांगितले आहे?

मीटरपट्टी

हवेचा मुद्दा रास्त आहे, म्हणून आकडेमोड करून पाहिली. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. ३८ अंश तापमानाला तिथे हवेची घनता प्रमाण मूल्यापेक्षा साधारण १३ टक्क्यांनी कमी भरते आणि थ्रस्टही ढोबळमानाने तेवढाच उतरतो. म्हणजे १०० न्यूटनच्या जागी ८५ ते ८७ न्यूटन मिळतात. हे नुकसान भरून काढायला ११५ ते १२० न्यूटनचे इंजिन पुरते. ज्या बारा किलोच्या स्पोर्ट जेटला उत्पादक १०० ते १२० न्यूटन सुचवतो, त्यात आपल्याकडे सर्रास १८० न्यूटनचे बसवले जाते, त्याचे समर्थन या हिशेबातून होत नाही.

या हिशेबाची दुसरी बाजूही पाहायला हवी. विरळ हवेत तेवढाच भार उचलायला विमान जमिनीच्या सापेक्ष सुमारे ७ टक्के जास्त वेगाने उतरते, आणि त्यामुळे थांबायला लागणारे अंतर जवळपास १५ टक्क्यांनी वाढते. मोठे इंजिन टेकऑफची अडचण सोडवते, पण लँडिंगची अडचण वाढवते. १०० न्यूटनच्या वर्गातले टर्बाइन साधारण एक किलोचे असते आणि १८० न्यूटनच्या वर्गातले दीड किलोच्या पुढे जाते. पूर्ण थ्रॉटलला पहिले मिनिटाला सुमारे ०.४ लिटर इंधन पिते, तर दुसरे सुमारे ०.६ लिटर, म्हणून टाकीही मोठी लागते. इंजिन गुरुत्वमध्याच्या मागे असेल, तर नाकात शिसे भरावे लागते. अशा रीतीने बारा किलोचे जेट सव्वातेरा किलोचे झाले, की स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत) आणखी ५ टक्क्यांनी वर जातो.

शेपटीपंख

थ्रॉटल हातात असल्याने पूर्ण ताकद वापरावी लागत नाही, हा युक्तिवाद ऐकायला बरोबर वाटतो, पण धोका नेमका कुठे घडतो ते पाहिले तर तो टिकत नाही. बहुतेक जेट सरळ वर चढताना मोडत नाहीत. वर चढताना वेग घटत असतो. ती मोडतात ती उंचीवरून नाक खाली करून, थ्रॉटल न काढता, प्रेक्षकांसमोरून खालून नेण्याच्या प्रयत्नात, किंवा त्यानंतर नाक वर खेचण्यात.

खेचण्याचे गणित असे. ताशी ३०० किलोमीटर वेगाला एलेव्हेटरच्या (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पृष्ठाच्या) ठरावीक विचलनाने विमानावर ८ जी, म्हणजे वजनाच्या आठपट, भार येत असेल, तर स्टिक तेवढीच ओढून ताशी ३६० किलोमीटरला सुमारे साडेअकरा जी येतो. पायलटच्या बोटांना फरक जाणवत नाही, कारण स्टिकची स्प्रिंग वेग ओळखत नाही. मोठ्या विमानाच्या वैमानिकाला खुर्चीतून जे कळते, ते आपल्याला जमिनीवर उभे राहून कळत नाही. पंखाचा स्पार (आतला मुख्य दांडा) तेव्हा मोडतो, आणि पाहणारे म्हणतात की रेडिओने दगा दिला.

फ्लटर याहून फसवा आहे. नियंत्रणपृष्ठ, त्याची बिजागरी, पुशरॉड आणि सर्व्होचे गिअर मिळून एक लवचीक व्यवस्था तयार होते. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की हवा त्या पृष्ठाच्या प्रत्येक हेलकाव्यात ऊर्जा भरू लागते आणि हेलकावा आपोआप वाढत जातो. तिथून पृष्ठ तुटेपर्यंत बहुतेक वेळा एक सेकंदही लागत नाही. खाली उभ्या माणसाला आधी घरघरता, फाटका आवाज येतो. तो आवाज ऐकू आला तर थ्रॉटल लगेच काढावा, नाक हळूहळू वर घेऊन वेग गमवावा आणि थेट उतरावे. ‘एक फेरी मारून पाहतो’ म्हणणाऱ्याचे जेट दुसऱ्या फेरीतून अखंड परत आल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

फ्लटर कोणत्या वेगाला सुरू होईल, हे इंजिन ठरवत नाही. ते लिंकेजमधला (सर्व्हो ते पृष्ठ या जोडणीतला) खेळ, पृष्ठाचा ताठपणा आणि त्याचे वजन बिजागरीच्या पुढे-मागे कसे विभागले आहे यावर ठरते. एफ-१६ सारख्या मॉडेलमध्ये संपूर्ण आडवी शेपूटच फिरते. तिथे फिरण्याचा आस अर्धा सेंटिमीटर मागे सरकला, किंवा आसाच्या पुढचे संतुलक वजन वगळले, तर मूळ इंजिनावरही संकट येते. सर्व्होच्या बाबतीत सांगायचे, तर वेग २० टक्क्यांनी वाढला की बिजागरीवरचा मोमेंट ४४ टक्क्यांनी वाढतो. ज्या सर्व्होची ताकद आधीच काठावर होती, तो हवेच्या दाबाने मागे ढकलला जातो आणि सूर मारलेल्या विमानाचे नाक वर येत नाही. सर्व्होचा हात लहान, हॉर्न (पृष्ठावरची तरफ) उंच, पुशरॉड जाड आणि छोटा, बिजागरीची फट टेपने बंद, प्लास्टिक गिअरला पूर्ण मज्जाव: ही तयारी ज्याने केलेली नाही त्याने इंजिनाच्या आकाराबद्दल प्रश्नच विचारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

राईनकाठ

जर्मनीत राहतो आणि इथल्या मैदानांवर जेट पाहत असतो, म्हणून थोडी भर घालतो.

मॉडेल टर्बाइनचा इतिहास फार जुना नाही. १९८३ मध्ये इंग्लंडमध्ये पहिले टर्बाइन मॉडेल उडाले, आणि जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंग यांनी घरच्या कार्यशाळेत जमेल असे टर्बाइन तयार करून दाखवले ते त्या दशकाच्या अखेरीस. त्या काळात इंजिन नीट चालणे हाच पराक्रम होता आणि जास्त थ्रस्टची चिंता कोणालाच नव्हती. आज ५०० न्यूटनचे इंजिनही तयार खोक्यातून मिळते. इंजिने या काळात कुठल्या कुठे गेली, पण छंदासाठी घरी बांधलेल्या शेपटीचे लिंकेज फारसे बदललेले नाही.

वेगाचा विक्रम सांगून अनेक जण मोठ्या इंजिनाचे समर्थन करतात, म्हणून तोही नीट पाहावा. नील्स हेर्ब्रिश यांनी २०१७ मध्ये जर्मनीतल्या बालेनश्टेट इथे टर्बाइन मॉडेल ताशी ७४९ किलोमीटरने नेले. ते विमान केवळ त्याच कामासाठी बांधलेले होते. पंख पातळ, सांगाडा ताठ आणि प्रत्येक पृष्ठ त्या वेगाचा विचार करून केलेले. याहून बोलके उदाहरण इंजिन नसलेल्या ग्लायडरचे आहे. डोंगराच्या मागच्या बाजूला वाऱ्याच्या थरांमधल्या फरकावर घिरट्या घालत स्पेन्सर लिझेनबी यांनी जानेवारी २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात ताशी ८८२ किलोमीटर गाठले. तिथे इंजिनच नव्हते, जे काही सोसले ते सांगाड्याने.

अमेरिकेतल्या अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स या संस्थेने टर्बाइनसाठी पायलटला वेगळी परवानगी घ्यायला लावली आणि ताशी २०० मैलांची, म्हणजे सुमारे ३२२ किलोमीटरची, वेगमर्यादा घातली. लोक या मर्यादेवर कुरकुरतात. मला ती अजिबात जाचक वाटत नाही.

ईडीएफ आणि टर्बाइन यांच्यात एक मूलभूत फरक आहे, जो धाग्यात अजून आलेला नाही. ७० मिलिमीटर ईडीएफच्या मागून हवा साधारण ८० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी २९० किलोमीटरच्या आसपास बाहेर पडते. विमानाचा वेग त्या आकड्याकडे सरकू लागला की थ्रस्ट झपाट्याने संपतो, त्यामुळे ईडीएफ आपली मर्यादा स्वतःच घालून घेतो. टर्बाइनचा वायू मात्र ४५० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास बाहेर येतो. विमान १०० मीटर प्रति सेकंदाला पोहोचले तरी तीन चतुर्थांशाहून अधिक थ्रस्ट शिल्लक असतो आणि ते आणखी वेग घेतच राहते. ईडीएफवर शिकलेला पायलट जेव्हा मोठ्या टर्बाइनकडे येतो, तेव्हा ‘आता वेग स्थिरावेल’ ही त्याची सवयीची अपेक्षाच त्याला अडचणीत आणते.

नवशिका_नगर

माझ्याकडे ७० मिलिमीटरचे, चार सेलवर चालणारे फोमचे जेट आहे. मैदान गवताचे आहे आणि गवतावरून ते उडतच नाही. वरची सगळी चर्चा वाचून घाबरलो आहे, पण मग माझ्यासारख्याने करायचे काय? सहा सेलचा विचार पूर्णपणे सोडून द्यावा का?

वातकुक्कुट

सोडण्याची गरज नाही, मात्र तीच मोटर सहा सेलवर टाकू नका. सहा सेलसाठी बनवलेली, कमी केव्हीची (एका व्होल्टला कमी आवर्तने देणारी) मोटर, तिला साजेसा ईएससी आणि पंखा एकत्र घ्या. त्यात आवर्तने थोडीच वाढतात, करंट आवाक्यात राहतो, वायरी आणि कनेक्टर थंड राहतात. गवतावर तुम्हाला हवा आहे तो स्थिर थ्रस्ट, सर्वोच्च वेग नव्हे. तो मिळाल्यावर ट्रान्समीटरमध्ये थ्रॉटलची कमाल मर्यादा एका स्विचवर ठेवा. टेकऑफला पूर्ण, हवेत गेल्यावर सत्तर टक्के. त्याआधी वॉटमीटर लावून जमिनीवर पूर्ण थ्रॉटलचा करंट प्रत्यक्ष मोजा आणि स्वतंत्र बीईसी बसवा. सहा सेलची बॅटरी जड असते, तेव्हा गुरुत्वमध्य नव्याने तपासा. आणि सर्वांत आधी मोठी चाके लावून पाहा. अर्ध्या लोकांची तक्रार तिथेच मिटते.

फ्लॅप_खाली

लँडिंगबद्दल मीटरपट्टी यांनी सांगितले त्यात एक गोष्ट जोडावीशी वाटते. टर्बाइन आयडलला असले तरी थोडा थ्रस्ट देतच राहते, आणि इंजिन जितके मोठे तितका हा उरलेला थ्रस्ट मोठा. छोट्या जेटमध्ये मोठे टर्बाइन असेल, तर फ्लॅप पूर्ण खाली असतानाही ते उतरायला तयार होत नाही, धावपट्टीच्या वरून तरंगत पुढे जाते, आणि टेकल्यावरही ब्रेक सोडले की पुन्हा चालू लागते. पायलट मग ते जबरदस्तीने खाली बसवतो आणि पुढचे चाक मोडते. हवेतच इंजिन बंद करून उतरणारेही पाहिले आहेत. तसे केले की पुन्हा वर जाण्याचा पर्याय संपतो. म्हणजे केरोसीनवाला ज्या तरतुदीसाठी मोठे इंजिन घेण्याचे समर्थन करत आहेत, तीच तरतूद त्या इंजिनामुळे नाहीशी होते.

दुसरे उष्णतेचे. निकासवायूचे तापमान ५०० ते ७०० अंशांच्या घरात असते. सांगाड्यातला टेलपाइप आणि त्याभोवतीची हवा खेळण्याची फट लहान इंजिनाच्या हिशेबाने ठेवलेली असते. मोठ्या इंजिनाला समोरच्या तोंडांतून पुरेशी हवा मिळाली नाही, तर ते आतल्या पोकळीतली हवा ओढते, नळीभोवतीचे थंड आवरण नाहीसे होते आणि फायबर काळवंडू लागते. गळकी केरोसीनची नळी त्यात आली, तर आग अटळ आहे. उन्हाळ्यात आपली मैदाने वाळक्या गवताने भरलेली असतात, तेव्हा पडलेल्या जेटपेक्षा त्यामागून पेटलेले गवत जास्त नुकसान करते. अग्निशामक नळकांडे गाडीच्या डिकीत नव्हे, पायलटच्या शेजारी असावे.

केरोसीनवाला

उरलेल्या थ्रस्टचा मुद्दा मान्य आहे. माझ्या जेटमध्ये त्यावर उपाय म्हणून स्पीडब्रेक आहे, पण प्रत्येकाकडे तो नसतो हेही खरे. तरीही मला एक समजून घ्यायचे आहे. ईसीयूमध्ये (टर्बाइनच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकात) कमाल आवर्तने कमी करून ठेवली, तर १८० चे इंजिन १३० चे होत नाही का? वजन थोडे जास्त राहील, बाकी धोका कुठे उरतो?

राईनकाठ

आवर्तनांची मर्यादा हा उपलब्ध उपायांतला सर्वांत चांगला उपाय आहे. थ्रस्ट साधारण आवर्तनांच्या घनाने बदलतो, म्हणून कमाल आवर्तने दहा टक्क्यांनी खाली आणली तरी थ्रस्ट चतुर्थांशाने घटतो. इंजिनाचे बेअरिंगही जास्त टिकते. काही ईसीयूंना हवेचा वेग मोजणारी पिटो नळी जोडता येते आणि ठरवलेल्या वेगाला ते स्वतःच इंजिन आवरते. मात्र सूर मारताना गुरुत्व काम करते, तिथे कोणताही ईसीयू मदतीला येत नाही. आणि ही मर्यादा अशा ठिकाणी हवी की उत्साहाच्या भरात मैदानावर कोणी ती बदलू शकणार नाही. ट्रान्समीटरच्या स्विचवर ठेवलेली मर्यादा मित्रांच्या एका आरोळीसरशी निघते, हे आपण सगळे जाणतो.

मीटरपट्टी

भारतापुरता आणखी एक हिशेब. ड्रोन नियम २०२१ नुसार २५ किलोपर्यंतची, छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवली जाणारी विमाने ‘मॉडेल’ या व्याख्येत येतात, आणि ग्रीन झोनमध्ये परवानगीशिवाय उडण्याची उंची ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर आहे. ताशी ३०० किलोमीटरने सरळ वर निघालेले जेट ही उंची दीड सेकंदात ओलांडते. मोठ्या इंजिनाचा एकमेव निर्विवाद आनंद, म्हणजे उभे चढणे, आपल्याकडे कायदेशीरपणे घेताच येत नाही. मग तो सगळा थ्रस्ट आडवाच वापरला जातो, आणि आडवे वापरायला आपली मैदाने लहान आहेत. ८ जीच्या वळणाला ताशी ३०० वर सुमारे ९० मीटरची त्रिज्या लागते, ३६० वर जवळपास १३० मीटरची. रस्ता, वस्ती, विजेच्या तारा यांच्या मध्ये सापडलेल्या किती मैदानांत ही जागा आहे?

बारा किलोचे जेट ताशी ३६० ने जाताना त्याची गतिज ऊर्जा ६० किलोज्यूल असते, म्हणजे हजार किलोची लहान मोटार ताशी ४० ने जावी तेवढी. ते अर्ध्या सेकंदात ५० मीटर पुढे जाते. पायलटच्या लक्षात येऊन बोट हलेपर्यंत तेवढे अंतर संपलेले असते.

शेपटीपंख

फेल-सेफबद्दल कोणी बोलले नाही म्हणून सांगतो. रेडिओचा संपर्क तुटल्यावर टर्बाइनचा इंधनपंप बंद व्हायला हवा. रिसीव्हर कारखान्यातून येतो तेव्हा तो बहुधा शेवटची स्थिती धरून ठेवण्यावर असतो, म्हणजे पूर्ण थ्रॉटल असताना संपर्क तुटला तर जेट पूर्ण थ्रॉटलनेच जिथे तोंड असेल तिथे निघून जाते. प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला जेट बांधून ठेवावे, इंजिन आयडलला चालवावे, ट्रान्समीटर बंद करावा आणि टर्बाइन थांबते का ते डोळ्यांनी पाहावे.

केरोसीनवाला

ही चाचणी करतो. ईसीयूची कमाल आवर्तनेही सध्या १३० न्यूटनच्या हिशेबाने खाली आणतो आहे. शेपटीपंख, आपण सांगितलेल्या फटीच्या टेपबद्दल एक शंका आहे. बिजागरी खालच्या बाजूला असेल, तर टेप वरून लावायची की खालून? वरून लावली तर एलेव्हेटर खाली जाताना ती ताणली जाते.

शेपटीपंख

बिजागरी ज्या बाजूला आहे त्याच बाजूला, म्हणजे आपल्या बाबतीत खालून. एलेव्हेटर पूर्ण वर वळवून ठेवा, मग टेप चिकटवा, म्हणजे पृष्ठ कोणत्याही दिशेला गेले तरी ती ताणली जाणार नाही. साधी पारदर्शक टेप उन्हात सुटते. ग्लायडरवाले वापरतात ती पांढरी, पातळ टेप मिळाली तर घ्या, आणि लावल्यानंतर ट्रान्समीटर चालू करून पूर्ण हालचाल करताना सर्व्हो कुठे कण्हतो का ते ऐका.